वेल: डॉक्युमेंटेशनमधल्या संज्ञांवरचा पहारेकरी

एखाद्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये पहिल्या पानावर ‘ॲक्सेस टोकन तयार करा’ असे लिहिलेले असते. चौथ्या पानावर ‘तुमची एपीआय की इथे टाका’. अडचणी आणि उपायांच्या पानावर ‘सीक्रेट चुकीचे असेल तर ४०१ एरर येते’. लिहिणाऱ्याच्या मनात तिन्ही ठिकाणी एकच वस्तू असते. वाचणारा मात्र तीन वस्तू शोधत बसतो, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये त्या खरोखरच तीन वेगळ्या असतात. शाळेच्या निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की बाई लाल खूण करायच्या. तांत्रिक लेखनात तोच शब्द पुन्हा पुन्हा यायला हवा. तो बदलला की वाचकाला वाटते, वस्तू बदलली.

या दुखण्यावर वापरले जाणारे ‘वेल’ हे साधन कसे आहे, कुठे कामाला येते आणि कुठे हात टेकते, ते इथे मांडतो. निकाल आधीच सांगतो: संज्ञा ठरलेल्या असतील तर त्या टिकवण्यासाठी फुकटात मिळणारे याहून चांगले साधन मला माहीत नाही. संज्ञा ठरलेल्याच नसतील तर मात्र ते बसवून काही हाती लागणार नाही.

वेल ही कमांड लाइनवर चालणारी छोटी प्रणाली आहे. गो भाषेत लिहिलेली, एमआयटी परवान्याखाली खुली. मॅकवर होमब्रूने, विंडोजवर चॉकलेटीने, नाहीतर पायथनच्या पिपने एका ओळीत बसते. मार्कडाउन आणि एचटीएमएल ती थेट वाचते. आस्कीडॉक आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लेखनस्वरूपांसाठी मात्र अनुक्रमे आस्कीडॉक्टर आणि डॉकयुटिल्स ही सॉफ्टवेअर त्या मशीनवर आधी असावी लागतात. ती न बसवता वेल चालवले की एरर येते आणि नवा माणूस दोष वेलला देतो. सगळे काम आपल्याच मशीनवर होते, मजकूर बाहेर कुठे जात नाही. अजून बाजारात न आलेल्या उत्पादनाचे डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांना ही गोष्ट महत्त्वाची वाटेल, आणि वाटायलाच हवी.

प्रोजेक्टच्या मुळाशी ‘डॉट वेल डॉट आयएनआय’ नावाची फाइल करायची. तिच्यात नियमांचा फोल्डर कुठे आहे, किती गंभीर इशारे दाखवायचे आणि कोणत्या प्रकारच्या फाइलींना कोणते नियम लावायचे, एवढे लिहिले की गाडी सुरू होते. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या शैलीमार्गदर्शकांवरून बनवलेली तयार नियमपॅकेजेसही मिळतात. ‘वेल सिंक’ ही आज्ञा दिली की ती उतरतात. बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. दोन्ही पॅकेजेस एकदम लावली की एकाच ओळीवर दोन-दोन इशारे येतात. कर्मणी प्रयोग नको, वाक्य लांब आहे, उद्गारचिन्ह काढा अशा सूचनांच्या ढिगात ‘इथे संज्ञा चुकली’ हा एक कामाचा इशारा गाडला जातो. संज्ञांसाठी वेल आणत असाल तर सुरुवातीला कोणतेही तयार पॅकेज लावू नका. आपल्या नावाचा एक फोल्डर, त्यात एकच नियमफाइल, आणि तिच्यात फक्त संज्ञा.

नियमफाइल यामल या साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. संज्ञांसाठी लागणारा प्रकार म्हणजे ‘सबस्टिट्यूशन’. डावीकडे नको असलेला शब्द, उजवीकडे हवा असलेला. सोबत संदेशाची एक ओळ असते, आणि ती मराठीत लिहिली तरी चालते. त्या ओळीत टक्का-एस ही खूण दोनदा येते: पहिल्या जागी हवा असलेला शब्द बसतो, दुसऱ्या जागी सापडलेला. हा क्रम उलटा धरला तर इशारा ‘चूक तेच लिहा, बरोबर ते नको’ असे सांगू लागतो, आणि नवा लेखक इमानेइतबारे बरोबर शब्द काढून चुकीचा घालतो. इंग्रजी मजकुरासाठी लहान-मोठ्या लिपीकडे दुर्लक्ष करणारा ‘इग्नोरकेस’ हा पर्याय चालू करावा, नाहीतर वाक्याच्या सुरुवातीला मोठ्या अक्षराने आलेला शब्द निसटतो. डावीकडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे शब्द शोधण्याच्या नमुन्यात, साधा गोल कंस चालत नाही. कंसानंतर लगेच प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दोन टिंब, म्हणजे न पकडणारा गट, लिहावा लागतो.

पुण्या-मुंबईत बसून परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजीत डॉक्स लिहिणाऱ्यांना एक जोडी रोज छळते: ‘लॉग इन’ आणि ‘लॉगिन’. इंग्रजीत क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम असेल तर एक. ‘सेट अप’ आणि ‘सेटअप’, ‘बॅक अप’ आणि ‘बॅकअप’ यांचेही तेच. ‘जिथे लॉगिन दिसेल तिथे लॉग इन करा’ असा सरधोपट नियम लिहिला की ‘लॉगिन पेज’ हा अगदी बरोबर प्रयोगही चूक ठरतो. वेलमध्ये शब्दजाती ओळखून चालणारा ‘सीक्वेन्स’ हा प्रकार आहे, पण तो लिहायला किचकट आणि तपासायला त्याहून किचकट. साधा उपाय जास्त टिकतो: नुसता शब्द न धरता शेजारच्या शब्दासह धरायचा. ‘लॉगिन टू’, ‘लॉगिन विथ’, ‘लॉगिन युझिंग’ एवढे तीन तुकडे डावीकडे घातले की बहुतेक चुका सापडतात आणि खोटे इशारे जवळपास थांबतात.

कोडचे तुकडे वेल आपणहून सोडून देते. मार्कडाउनमध्ये बॅकटिकमध्ये (उलट्या अवतरणचिन्हांत) लिहिलेले व्हेरिएबलचे नाव किंवा कोडचा स्वतंत्र ब्लॉक तपासला जात नाही, आणि ते योग्यच आहे. ‘व्हाइटलिस्ट’ हा शब्द डॉक्समध्ये बंद केला तरी त्या नावाची जुनी कॉन्फिगरेशन-की आपल्याला बदलता येत नाही. याचा एक चांगला परिणाम असा की बॅकटिक द्यायला विसरलेली कमांड-नावे इशाऱ्यांत आपोआप वर येतात. ह्यूगोसारख्या साइट-जनरेटरचे शॉर्टकोड, म्हणजे मजकुरात घालायच्या त्याच्या खास आज्ञा, मात्र वेलला ओळखता येत नाहीत. ते वगळण्यासाठी ‘टोकन-इग्नोअर्स’ आणि ‘ब्लॉक-इग्नोअर्स’ या ओळी सेटिंग फाइलमध्ये घालाव्या लागतात.

नियमांशिवाय वेलमध्ये ‘व्होकॅब’ नावाची दुसरी सोय आहे: ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘रिजेक्ट’ अशा दोन साध्या मजकूर-फाइली. आवृत्ती ३ पासून त्यांची जागा बदलली आहे. आता त्या नियमफोल्डरच्या आत ‘कॉन्फिग’ आणि त्याच्या आत ‘व्होकॅब्युलरीज’ या फोल्डरमध्ये ठेवायच्या. जुने लेख वाचून जुन्या जागी ठेवल्या तर काम होत नाही. उत्पादनांच्या नावांसाठी ही सोय झकास आहे. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हे नाव योग्य मोठ्या-लहान अक्षरांत ‘ॲक्सेप्ट’मध्ये घातले की कुणी ते सगळे लहान अक्षरांत लिहिले तर लगेच पकडले जाते.

पण या फाइलीत एक खड्डा आहे. ‘ॲक्सेप्ट’मधला शब्द लावलेल्या सगळ्या शैलींच्या (शैली म्हणजे नियमफाइलींचा एक फोल्डर) नियमांना अपवाद ठरतो. वेलचा स्पेलिंग-तपासक एखाद्या शब्दावर कुरकुर करतो, म्हणून घाईघाईने कुणी तो शब्द ‘ॲक्सेप्ट’मध्ये टाकते, आणि त्याच शब्दावर दुसऱ्या शैलीत लिहिलेला नियम त्या दिवसापासून गप्प होतो. कुठेही एरर येत नाही, काही तुटत नाही. म्हणून या फाइलीतला प्रत्येक बदल कोडइतक्याच काटेकोरपणे दुसऱ्या डोळ्यांखालून गेला पाहिजे, आणि स्पेलिंगच्या किरकोळ अपवादांसाठी वेगळी फाइल ठेवली पाहिजे.

नावावरून हमखास फसवणारा प्रकार म्हणजे ‘कन्सिस्टन्सी’. ‘हा शब्द नाहीतर तो, पण दोन्ही नकोत’ असे तो सांगतो. वाचल्यावर वाटते, हेच तर हवे होते. पण ही तुलना एका फाइलीपुरती असते. पहिल्या पानावर सर्वत्र ‘फोल्डर’ आणि दुसऱ्या पानावर सर्वत्र ‘डिरेक्टरी’ असेल तर दोन्ही पाने आपापल्या जागी निर्दोष ठरतात आणि संचात गोंधळ तसाच राहतो. शंभर पानांच्या संचाला सुसंगत ठेवायचे असेल तर दोहोंपैकी एक निवडून सबस्टिट्यूशनच लिहावे लागते. ही निवड टाळण्यासाठी ‘कन्सिस्टन्सी’ वापरणे म्हणजे भांडण पुढे ढकलणे.

आता मराठी डॉक्युमेंटेशनकडे. सॉफ्टवेअरची मदत-पाने मराठीत लिहिणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांना हे साधन उपयोगी पडू शकते, पण जसेच्या तसे नाही.

पहिली अडचण प्रत्ययांची. वेल आपण दिलेला शब्द दोन्ही बाजूंनी पूर्ण शब्द म्हणून शोधते. इंग्रजीला ते ठीक आहे. मराठीत ‘फाईल’ हा शब्द एकटा क्वचितच येतो. येतो तो ‘फाईलमध्ये’, ‘फाईलचा’, ‘फाईलवरून’ असा. ‘फाईल नको, फाइल लिहा’ असा नियम केला तर यातले एकही रूप सापडत नाही, इशारे शून्य दाखवतात आणि आपण खूश होतो. यावर उपाय म्हणजे नियमात ‘नॉनवर्ड’ हा पर्याय चालू करणे. मग शब्दाची सीमा न पाहता अक्षरांची मालिका शोधली जाते आणि प्रत्यय लागलेली रूपेही हाती येतात. अनेकवचने आणि सामान्यरूपे स्वतंत्रपणे द्यावी लागतात: ‘खाते’ धरायचे तर ‘खाती’ आणि ‘खात्या’ ही दोन्ही रूपे डावीकडे हवीत.

सीमा काढली की उलटा त्रास सुरू होतो. कीबोर्डवरच्या ‘कळ’ या शब्दासाठी नियम लिहिला तर ‘कळवा’ आणि ‘कळले’ही पकडले जातात. ‘खाते’ धरले तर ‘ही प्रक्रिया जास्त मेमरी खाते’ या वाक्यावर इशारा येतो. वेलच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये पुढचे-मागचे पाहून ठरवण्याची सोय आहे. ‘कळ’नंतर ‘व’ किंवा ‘ल’ नसेल तरच पकड, असे लिहिता येते. असा प्रत्येक नियम लिहिताना वीसेक वाक्यांची एक चाचणी-फाइल सोबत ठेवावी. निम्मी वाक्ये पकडली गेलीच पाहिजेत अशी, निम्मी सुटलीच पाहिजेत अशी. नियम बदलला की आधी ती फाइल चालवायची आणि मग खऱ्या डॉक्सकडे वळायचे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. ‘ॲप’ या शब्दातला ‘ॲ’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक आहे. पण ०९०५ म्हणजे ‘अ’ आणि त्यावर ०९४५ म्हणजे अर्धचंद्र अशी दोन चिन्हे जोडूनही तेच रूप बनते. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन रूपे समतुल्य मानलेली नाहीत, त्यामुळे नेहमीचे नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया, चालवूनही ती एक होत नाहीत. परिणाम असा की मदत-पानावर वाचक ‘ॲप’ शोधतो आणि निम्मी पाने शोधात येतच नाहीत. ‘दुसऱ्या’, ‘वापरणाऱ्या’ अशा शब्दांतल्या अर्ध्या ‘ऱ’चीही हीच गत. काही जण ०९३१ या क्रमांकाचा ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात, काही जण साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे २००डी हे जोडचिन्ह. दिसायला फरक नाही, शोधायला जमीन-अस्मानाचा.

माणूस कितीही बारकाईने वाचो, त्याला हे सापडणार नाही. वेलला सापडते, आणि मराठीसाठी हे साधन वापरण्याचे सर्वांत सबळ कारण माझ्या मते हेच आहे. नियम लिहिताना डावीकडे अक्षर टाइप करू नका, युनिकोड क्रमांक लिहा. अक्षर टाइप केले तर पुढे दुसऱ्या माणसाने दुसऱ्या कीबोर्डवरून ती ओळ दुरुस्त करताना डावी-उजवी बाजू नकळत एकच होऊन बसते. फाइलीच्या वर एका ओळीत टीप द्यावी की कोणते रूप घरचे आणि कोणते बाहेरचे. इंग्रजीचा स्पेलिंग-तपासक मराठी फाइलींसाठी बंद ठेवायला विसरू नका.

संज्ञा कोणती निवडायची, हे वेल सांगत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी असावेत, पण पहिला मान पडद्यावरच्या शब्दाचा. बटणावर ‘साइन इन’ लिहिलेले असेल तर डॉक्समध्ये ‘लॉग इन’, ‘प्रवेश करा’ किंवा ‘दाखल व्हा’ यांपैकी काहीही लिहिले तरी ते चूकच. डॉक्सचा नियम आणि बटणावरचा शब्द यांत फरक असेल तर आधी डेव्हलपरांशी बोलून बटण बदलायचे, मग नियम लावायचा. बटणावरचे शब्द बऱ्याचदा पीओ फाइलींत, म्हणजे भाषांतराच्या फाइलींत, असतात आणि वेल त्या प्रकारच्या फाइली समजून वाचत नाही. तिथे वेबलेट या भाषांतर-साधनाची ग्लॉसरी-तपासणी (संज्ञायादीशी पडताळणी) वापरावी. ती आपोआप चालू नसते, ‘चेक-ग्लॉसरी’ हा फ्लॅग द्यावा लागतो, आणि ती शब्द अक्षरशः जुळवते. म्हणजे मराठीत सामान्यरूपांच्या नोंदी तिथेही हाताने भराव्या लागतात.

जुन्या संचावर वेल पहिल्यांदा चालवताना हात आवरता घ्यावा. दोनशे संज्ञांची यादी एका दमात लावली तर हजारो इशारे येतात, पाईपलाइन (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) लाल होते आणि दोन दिवसांत कुणीतरी तपासणीच बंद करते. दहा संज्ञांपासून सुरुवात करा. कोणत्या दहा, हे अंदाजाने ठरवू नका: संचात ग्रेप या शोध-आज्ञेने प्रत्येक पर्यायी शब्द किती वेळा येतो ते मोजा आणि ज्यांच्यामुळे वाचकाचे पाऊल चुकू शकते ते आधी घ्या. ‘टोकन-की-सीक्रेट’ आधी, ‘ईमेल-ई-मेल’ नंतर. नियम प्रथम ‘वॉर्निंग’ पातळीवर ठेवा. पाईपलाइन अडते ती ‘एरर’ पातळीच्या इशाऱ्यानेच, त्यामुळे वॉर्निंगने कुणाचे काम थांबत नाही. एका संज्ञेच्या सगळ्या जुन्या चुका दुरुस्त झाल्या की तिला ‘एरर’ पातळीवर चढवायचे. पातळी ही अख्ख्या नियमफाइलीची असते, एकेका शब्दाची नाही. म्हणून ‘पक्क्या’ आणि ‘कच्च्या’ संज्ञांच्या दोन फाइली ठेवाव्यात आणि शब्द एकीतून दुसरीत हलवावेत. गिटलॅब या कोड-व्यवस्थापनाच्या कंपनीने आपल्या डॉक्युमेंटेशनसाठी लिहिलेले वेलचे नियम सार्वजनिक आहेत आणि त्यांच्याकडेही शब्दबदलाचे नियम पातळीनुसार वेगळ्या फाइलींत आहेत. एकदा उघडून पाहावेत.

दुरुस्ती करताना एका कमिटमध्ये, म्हणजे एका नोंदवलेल्या बदलात, एकच संज्ञा. ‘सगळीकडे शोधा आणि बदला’ करताना तीन जागी हात भाजतात: कोडमधली नावे, लिंकचे पत्ते आणि मथळे. मथळा बदलला की त्यावरून आपोआप बनणारा अँकर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, बदलतो, आणि इतर पानांवरून त्या मथळ्यावर येणाऱ्या लिंक पानाच्या माथ्यावर नेऊन सोडतात. मथळ्यांना आधीच स्वतःचे कायमचे आयडी दिले असतील तर हा प्रश्न येत नाही. भाषांतराचा खर्चही विचारात घ्यावा. मूळ वाक्यात एक शब्द बदलला तरी ट्रान्सलेशन मेमरीतली (जुन्या भाषांतरांच्या साठ्यातली) शंभर टक्के जुळणी मोडते आणि ते वाक्य प्रत्येक भाषेत पुन्हा तपासायला जाते. बारा भाषांत जाणाऱ्या संचात चारशे वाक्ये बदलली तर चार हजार आठशे वाक्ये पुन्हा हातांखालून जातील. म्हणून संज्ञाबदल मोठ्या आवृत्तीच्या भाषांतराआधी करावेत, नंतर नाही.

एखाद्या ठिकाणी बंदी घातलेला शब्द मुद्दाम लिहावा लागतो, उदाहरणार्थ ‘या फीचरला पूर्वी अमुक म्हणत’. तिथे एचटीएमएल टिप्पणीत ‘वेल ऑफ’ आणि पुढे ‘वेल ऑन’ लिहून तपासणी थांबवता येते. पण त्याऐवजी त्याच टिप्पणीत नियमाचे नाव देऊन तेवढा एक नियम बंद करणे चांगले. ‘वेल ऑन’ लिहायला विसरले तर पानाचा उरलेला भाग तपासणीविना राहतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेल जे पाहू शकत नाही ते सर्वांत नाजूक आहे. एका वस्तूला तीन नावे असतील तर ती सापडतात. तीन वस्तूंना एकच नाव असेल तर सापडत नाहीत. ‘अकाउंट’ म्हणजे बिलाचे खाते, की माणसाचे लॉगिन, की डेटाबेसमधला वापरकर्ता? ‘प्रोजेक्ट’ म्हणजे क्लाउडवरचा प्रोजेक्ट, की एडिटरमध्ये उघडलेला फोल्डर? तिन्ही ठिकाणी शब्द नियमाप्रमाणेच लिहिलेला असतो, इशारा एकही नसतो, आणि वाचक चुकीचे खाते डिलीट करतो. यासाठी व्याख्यांची यादी माणसानेच करायला हवी: प्रत्येक संज्ञेपुढे एक वाक्य, ती काय आहे आणि काय नाही. डॉक्स स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनात लिहीत असाल तर तिथल्या ग्लॉसरीत या व्याख्या ठेवून मजकुरातली संज्ञा तिला ‘टर्म’ या रोलने (खुणेने) जोडता येते. ग्लॉसरीत नसलेली संज्ञा जोडली की बिल्ड करताना वॉर्निंग येते. यादी तयार झाली की संदिग्ध शब्द एकटा वापरायला बंदी घालणारा नियम वेलमध्ये लिहिता येतो: ‘अकाउंट’च्या आधी ‘बिलिंग’ किंवा ‘युझर’ नसेल तर इशारा दे. हा नियम खोटे इशारे बरेच देतो. तरीही मी तो ‘सजेशन’ या सर्वांत सौम्य पातळीवर चालू ठेवण्याच्या मताचा आहे, कारण त्यातला एकेक इशारा लेखकाला ‘इथे नक्की कोणते खाते?’ हा प्रश्न विचारायला लावतो, आणि बऱ्याचदा उत्तर शोधताना कळते की डेव्हलपरलाही ते स्पष्ट नव्हते.